दहा दिवसांचा दगड

आई गेली त्याच्या बाराव्या दिवशीची गोष्ट. पाहुण्यांची ये-जा ओसरली होती. धाकटा भाऊ इंग्लंडहून आला होता आणि त्याला चार दिवसांनी परत जायचे होते. हातातला चहा तसाच धरून तो म्हणाला, "अक्का, आईच्या नावाचा एक दगड बसवू या. चांगला, टिकाऊ. पैशाचं मी बघतो."

मी विचारले, "बसवायचा कुठं?"

याचे उत्तर दोघांकडेही नव्हते. मग तो सांगू लागला. तिकडे त्याच्या कचेरीजवळ एक जुने चर्च आहे. त्याच्या आवारात दोनशे वर्षांपूर्वीचे दगड आहेत. दुपारी डबा खायला तो तिथल्या बाकावर बसतो आणि समोरची नावे वाचतो. "तिथं कुणाची तरी आई दोनशे वर्षं आहे, अक्का. आपल्या आईचं नाव रेशनकार्डावर होतं, ते आता कमी होईल. मग कुठं राहिलं?"

मला उत्तर सुचले नाही. आमची आई चाळीस वर्षे मंडईत भाजी विकत होती. पहाटे गंज पेठेतून निघायची, उजाडायच्या आत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओट्यावर लावायची आणि भवानी झाल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मला मात्र तिने शिकवले आणि मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा भावाचा प्रश्न माझ्याच विषयातला होता. माणसाची आठवण दगडाने टिकते का, आणि टिकवायची तर दगड कोणता निवडावा?

आपल्यात दगड नसतो असे आपण सहज म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. चितेला अग्नी देणारा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन फेऱ्या घालतो आणि दर फेरीला मडक्याला एका दगडाने भोक पाडतात. तो दगड टाकून देत नाहीत. त्याला अश्मा म्हणतात, बोलीत जीवखडा. गेलेले माणूस दहा दिवस त्या दगडात आहे असे मानून त्यावर तिलांजली द्यायची, दहाव्याला त्याच्यासमोर पिंड ठेवायचा, कावळ्याची वाट पाहायची आणि नंतर तो दगड पाण्यात सोडायचा. आम्हीही ओंकारेश्वराच्या घाटावर तेच केले. तो दगड कुणी पारखून घेतला नव्हता. गुरुजींनी पायाशी पडलेला एक खडा उचलून भावाच्या हातात दिला होता. दहा दिवस तो आमची आई होता. आता तो मुठेच्या पात्रातल्या हजार दगडांपैकी एक आहे.

परंपरेने दगड दिला आणि दहा दिवसांनी काढूनही घेतला. गेलेल्याला अडवून ठेवू नये, हा त्यामागचा विचार. भावाला तो पटत होता, पण पुरत नव्हता. आणि खरे सांगायचे तर मलाही पुरत नव्हता.

कायमच्या टिकण्याची हौस आपल्याकडे नव्हती असेही नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या गावांच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढणारा, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि शेंड्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत या माणसाची कीर्ती राहो, हा त्या खुणेचा अर्थ. सतीच्या शिळेवर बांगड्या भरलेला हात असतो. यांतल्या पुष्कळ दगडांवर एकही अक्षर नाही. दगड उरला, नाव गेले. काही वीरगळ भिंतीत चिणले गेले, काहींवर कपडे धुतले गेले. ज्यांना कुणी शेंदूर लावून देव केले, ते मात्र जागेवर राहिले. तिथे रोज पाणी पडते, सणाला नारळ फुटतो.

अक्षरे कोरली तर नाव राहील, असे वाटणे साहजिक आहे. पण अक्षरांचेही काय होते हे पाहायला आम्हा मंडईवाल्यांना लांब जायला नको. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. १८८६ मध्ये मंडईची दगडी इमारत उभी राहिली, मधे उंच अष्टकोनी मनोरा आणि भोवती फाकलेल्या पाख्या. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले. रे मार्केट. एवढ्या भक्कम दगडी इमारतीला दिलेले नाव आता पुसले जाणार नाही, असे त्या दिवशी सगळ्यांनाच वाटले असेल. पण इंग्रजांचे राज्य असतानाच, आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा, ते नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. इमारत तीच, दगड तोच. आज भाजी घ्यायला आलेल्या शंभर जणांना लॉर्ड रे कोण विचारले, तर फार थोडे सांगू शकतील. मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्या पुतळ्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही, कारण त्या माणसाची गोष्ट घराघरात सांगितली जाते.

गंमत अशी की ज्या जोतीराव फुल्यांचे नाव मंडईला आहे, त्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते कुणी ऐकले नाही. आमच्या आईला हे मी सांगितले तेव्हा ती हसली होती. म्हणाली, "बरंच झालं की. नाहीतर मी कुठं बसले असते? आणि शिकायचं तर तू शिकलीसच."

याच जोतीरावांच्या स्वतःच्या समाधीची हकिकत आईला माझ्यापेक्षा आधी ठाऊक होती, कारण त्यांचा वाडा आमच्याच गंज पेठेत. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीच्या ठिकाणी दफन करता येणार नाही म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले, तिच्याच नियमापुढे त्यांची शेवटची इच्छा थांबली. देहाला अग्नी द्यावा लागला. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे हातात धरले. त्या काळी बाईने असे करणे किती कठीण होते, ते सांगायला नको. पुढे अस्थी घरी आणून त्या खणलेल्या जागी ठेवल्या आणि वर तुळशीवृंदावन बांधले. ते आजही आहे. मंडईपासून चालत जाण्यासारखे अंतर आहे.

सावित्रीबाईंपुढे त्या दिवशी जो प्रश्न होता, तोच थोड्या वेगळ्या रूपात आमच्यापुढे होता. हवे ते करता येत नाही, मग काय करावे? त्यांनी उभारले ते तुळशीचे वृंदावन. तुळशीला रोज पाणी लागते. म्हणजे त्या जागी रोज कुणीतरी गेलेच पाहिजे. हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, "अगं, ते महात्मा होते. त्यांच्याकडं लोक जाणारच."

लोक जाणारच, असे गृहीत धरता येत नाही. याचे उदाहरण रायगडावर आहे. शिवाजी महाराज १६८० मध्ये रायगडावर गेले. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि समाधीकडे कुणी पाहिनासे झाले. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये आपल्या पुस्तकात त्या दुरवस्थेबद्दल खंत लिहिली. त्यानंतर सरकारने देखभालीसाठी रक्कम मंजूर केली, ती वर्षाला पाच रुपये. ज्यांच्या नावावर महाराष्ट्र उभा आहे, त्यांच्या समाधीवर झाडोरा माजला होता. ३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली, टिळकांनी केसरीतून निधीसाठी हाक दिली, लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. समाधीची डागडुजी होऊन वर छत्री उभी राहायला आणखी तीन दशके लागली. गडावरचा दगड कधी कच्चा नव्हता. मधल्या काळात तिथे जाणारी पावले थांबली होती.

भावाला इंग्लंडमधले दगड आठवत होते, म्हणून तो परत जायच्या आदल्या दिवशी मी त्याला खडकीला नेले. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. १,६६८ जणांच्या कबरी. पहिल्या महायुद्धात इतकी माणसे मेली की त्यांच्या दगडांचे काय करायचे, हा ब्रिटिश साम्राज्यापुढे मोठाच प्रश्न झाला. श्रीमंतांनी आपल्या मुलाला संगमरवर बसवायचा आणि गरिबाच्या मुलाला लाकडी क्रूसही मिळू नये, हे बरे दिसेना. १९१८ मध्ये सर फ्रेडरिक केन्यन यांनी अहवाल दिला आणि ठरले ते असे की अधिकारी असो की साधा शिपाई, प्रत्येकाला सारख्याच आकाराचा दगड. नेहमीचा दगड जमिनीवर सुमारे ८१ सेंटिमीटर उंच असतो. हुद्द्याने उंची वाढत नाही. तळाशी घरच्यांना आपल्या मनातले काही लिहायची मुभा, पण मर्यादा ६६ अक्षरांची, दोन शब्दांमधली मोकळी जागा धरून. जगभरातल्या आईबापांनी त्या ६६ अक्षरांत आपले सगळे बसवले.

भाऊ बराच वेळ त्या ओळी वाचत फिरला. मग मी त्याला ही जागा कशासाठी केली ते सांगितले. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी ज्या कबरी होत्या, त्यांची कायमची निगा राहील याची खात्री नव्हती. म्हणून त्या इथे एकत्र आणल्या. म्हणजे ज्यांनी दगडांचा एवढा बारकाईने विचार केला, त्यांनीही शेवटी दगडावर भरवसा ठेवला नाही. हिरवळ कापणारा आणि अक्षरांवरचे शेवाळ काढणारा माणूस कुठे मिळेल, हे पाहिले. भाऊ म्हणाला, "आपल्या दगडाला माळी कुठला?" आणि मग आम्ही दोघेही हसलो, कारण आम्ही जातीने माळीच.

भाऊ गेल्यावर मी एका जुन्या पाथरवटाला गाठले. टिकाऊ म्हणजे कोणता दगड, हे तरी कळावे म्हणून. त्याने मला चार गोष्टी नीट समजावल्या. संगमरवर दिसतो सुंदर, पण मऊ. तो चुन्याच्या जातीचा, पावसाच्या पाण्यातल्या आम्लाने हळूहळू झिजतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभाग साखरेसारखा भरभरीत होतो. उघड्यावर तो नको. काळा ग्रॅनाइट कर्नाटकातून येतो, त्याला काचेसारखी झिलई चढते, हल्ली त्यावर यंत्राने फोटोही उमटवून देतात. पण फोटो आणि रंगवलेले अक्षर वरवरचे असते. अक्षर टाकीने खोल कोरलेले हवे, म्हणजे रंग गेला तरी सावलीत वाचता येते. आणि आपला सह्याद्रीचा काळा दगड. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. घडवायला चिवट, बारीक नक्षी त्यात कठीण जाते, पण भेग नसलेला, छिद्रे नसलेला निवडला तर पाऊस त्याचे फारसे काही करू शकत नाही. टाकीने ठोकून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर सोडायचा.

मी विचारले, "हा किती वर्षं टिकेल?"

तो म्हणाला, "बाई, तुमच्या-माझ्या हिशोबाबाहेर. पण बसवणार कुठं ते सांगा. नुसता उभा केला तर कुणीतरी उचलून न्हाणीत घालील."

पुन्हा तोच प्रश्न, मी भावाला पहिल्या दिवशी विचारलेला.

त्याचे उत्तर मला पंढरपूरने दिले. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करत असताना कूस कोसळले आणि त्याखाली ते आणि इतर मजूर गाडले गेले. ते साल १३३८. ढिगाऱ्यातली हाडे कुणाची, हे कसे ओळखावे? परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, हाडे कानाला लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याची समाधी दाराशी आली. ते दार त्यांच्या समाजाला उघडायला मात्र १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आणि खुद्द नामदेवांनी स्वतःसाठी कोणती जागा मागितली? त्याच दाराची पायरी. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. १३५० मध्ये त्यांनी तिथे समाधी घेतली असे मानतात. नामदेव पायरीला आजही भाविक आधी हात लावतात आणि मग आत जातात. ज्या वाटेवर माणसांची वर्दळ कधी थांबणार नाही, अशी जागा त्यांनी निवडली.

पुरंदर तालुक्यात आईचे माहेर. तिथल्या मारुतीच्या देवळाचा जुना ओटा ढासळला होता, गावकरी तो नव्याने बांधत होते आणि तीन पायऱ्या कमी पडत होत्या. मी भावाला फोन केला. त्याला आधी ते रुचले नाही. "आईच्या नावावर लोक पाय देणार?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी ते पाथरवटाला सांगितले. त्याने क्षणभरात तोड काढली. नाव पायरीच्या माथ्यावर कोरायचे नाही, उभ्या अंगाला कोरायचे. पाय दगडावर पडेल, अक्षरावर पडणार नाही. शिवाय उभ्या अंगाला पाणी साचत नाही, अक्षर जास्त दिवस राहते.

मग काय लिहायचे ते ठरवायला आणखी आठ दिवस गेले. भावाने तीन-चार ओळी पाठवल्या होत्या, सगळ्या चांगल्या होत्या. शेवटी आईचे नाव, तिच्या आईबापांच्या गावाचे नाव, जन्माचे आणि मृत्यूचे साल एवढेच ठेवले आणि खाली तीन शब्द घातले, 'मंडईत भाजी विकली.' ते भावानेच सुचवले. त्याला खडकीतल्या ६६ अक्षरांची आठवण होती. आमचे त्याहून पुष्कळ कमी भरले.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिथे गेले होते. देवळासमोरून शेताकडे वाट जाते. डोक्यावरची पाटी उतरवून एक बाई त्या पायरीवर टेकली होती. पाटीत मेथी होती. ती कुणाच्या नावावर बसली आहे हे तिला माहीत नव्हते, आणि मीही सांगितले नाही. थोडा वेळ शेजारी बसले, जुडीचा भाव विचारला आणि दोन जुड्या घेतल्या.

माझ्यासारखा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी पडेल. कुणी बाक देईल, कुणी देवळाला पंखा, कुणी शाळेत बक्षीस. दगडच निवडायचा असेल तर खणखणीत वाजणारा निवडा, अक्षर खोल कोरून घ्या. पण त्याआधी एकदा विचारा, की साध्या मंगळवारी, कुणाचे वर्षश्राद्ध नसताना, तिथे कोण येणार आहे? ते ठरले की दगड निवडणे अवघड जात नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)